मुकादमाची शेवटची हाक

तीर्थपुरीच्या खाली, गोदावरीच्या काठावर एक घाट आहे. गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. बंधारा झाल्यापासून तिचं पात्र रुंद झालं आणि पूल पडतो लांब. म्हणून दुधाच्या किटल्या, मोटारसायकली, शाळेची पोरं, पल्याडच्या रानात कापसाला जाणाऱ्या बाया, सगळं होडीनं जातं. या होड्यांवर हुकूम एकाच माणसाचा, घाटाच्या मुकादमाचा. कोणती होडी सुटायची, कोणती आधी लागायची, कोणती पाण्यात थांबायची, हे तो काठावरच्या धोंड्यावर उभा राहून सांगतो. त्याचा शब्द आल्याशिवाय होडीचं नाक काठाला टेकत नाही. निजामाच्या राज्यात म्हणे नव्या मुकादमाला तहसिलीतून पागोटं मिळायचं. आता कुणी काही देत नाही, पण शब्द तसाच चालतो.

रामकिसननं अर्धं आयुष्य या धोंड्यावर काढलं. त्याच्या हाकेला पल्याडची गुरं माना वर करत. कुठंही जेवायला बसला तरी तोंड नदीकडे. पोरीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात वारा फिरला, तर हा मांडवातून उठून घाटावर. व्याही अजून टोमणे मारतो.

पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. होडी कोणती आणि तिची सावली कोणती, हे त्याला कळेना. आपल्यापायी एखादी भरली होडी बुडेल, या धास्तीनं त्याला घास गोड लागत नव्हता. त्याला उतरायचं होतं. मात्र उतरण्याची रीत ठरलेली. सगळ्या होड्या पाण्यात जातात, जुना मुकादम एकेकाला नावानं काठाला बोलावतो, आणि पाणी मोकळं झालं की हातातला बांबू नव्याला देतो. एक जरी होडी पाण्यात असली तरी मुकादम बदलत नाही.

आणि अंगदची होडी पाण्यातच होती.

गेल्या भादव्यात वरून अचानक लोंढा आला. तेव्हा काठाजवळ दोन होड्या होत्या, एकीत शाळेची पोरं, दुसरी अंगद नावाड्याची. रामकिसन ओरडला, "अंगदा, थांब. पोरं आधी." अंगद थांबला. पोरं उतरली, आणि अंगद होडीसकट गेला. ना होडी सापडली, ना तो. रामकिसनला कुणी बोल लावला नाही. मुकादमानं जे सांगायचं तेच त्यानं सांगितलं होतं.

तेव्हापासून धुकं पडलं की नदीतून वल्ह्याचा आवाज यायचा. तो जवळ येत नसे, लांब जात नसे. कुणीतरी धारेत होडी धरून ठेवावी, तसा जागच्या जागी.

मार्गशीर्षात गावानं ठरवलं, हाका मारताना अंगदचं नाव घ्यायचं नाही आणि बांबू राधेश्यामला द्यायचा. राधेश्याम घाटावरचा तरणा नावाडी, हाताचा पक्का, तोंडाचा फटकळ. बांबू द्यायच्या सकाळी अंगदची बायको दैवशालाही घाटावर येऊन उभी राहिली.

धुकं दाट होतं. रामकिसन हाका मारत गेला, होड्या लागत गेल्या. शेवटी राधेश्यामची लागली. त्यानं उडी मारून हात पुढे केला.

"सोडा की बांबू, काका. का घरी नेऊन कपडे वाळू घालायचेत?"

लोक हसले. मग पाण्यातून वल्ह्याचा आवाज आला आणि हसणं विरलं.

"सगळ्या लागल्या, काका," राधेश्याम हळू म्हणाला. "बाहेर कुणी न्हाई."

"मंग वल्हं कोण मारून राह्यलं?"

दैवशाला धोंड्यापाशी आली.

"मामा, त्यो तुमच्या हुकुमानं थांबलाय. तुम्ही थांब म्हणल्ते. काठाला लाव, असं कुणी म्हणलंच न्हाई त्याला."

"बाई, काय येईल त्याचा भरवसा न्हाई."

"माझा माणूस हाये. येईल ते माझं."

रामकिसननं बांबू धोंड्यावर टेकवला. हाक देताना आवाज फुटला, पण पोचला.

"अंगदाऽऽ, लाव."

वल्ह्याची लय बदलली. आवाज सरळ काठाकडे येऊ लागला, दमानं, बराबर. ओल्या वाळूवर होडीचं नाक घासल्याचा आवाज झाला. तिथं काहीच नव्हतं. तरी बांधलेल्या होड्या शेजारची होडी लागल्यावर हलतात तशा एकीमागून एक हलल्या.

दैवशाला पाण्याच्या कडेला गेली, क्षणभर थांबली आणि वळून चढ चढू लागली. पायवाटेच्या एका कडेनं चालत होती, दुसरी बाजू मोकळी सोडून. लोकांनी वाट दिली. नेहमीपेक्षा जास्तच मागे सरकून दिली.

रामकिसननं बांबू राधेश्यामच्या हातात दिला आणि डोळे बारीक करून चढाकडे पाहिलं.

"एकटीच गेली का रं ती?"

राधेश्यामनं तिकडे बघितलंच नाही. तो धोंड्यावर चढला. "काका, दूधवाले खोळंबलेत. पयली होडी सोडू का?"

"मला कशाला विचारतोस," रामकिसन म्हणाला. "मुकादम तू हायेस."