हार्दोयोंच्या घरचा होकार

जावा बेटावरच्या सालातिगा गावच्या पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेले पाक हार्दोयो स्वभावाने अगदी गरीब. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला, आणि वडिलांनाही, 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. बाजारात कुणी वजनात मारलं तरी हसून पुढे जातील. संगणकाचा विषय निघाला की मात्र त्यांच्या अंगात येतं. गावात घरोघरी चोरीच्या तबकड्यांवर संगणक चालत होते त्या काळात ते एकदा पावसाचा आडोसा म्हणून विद्यापीठातल्या एका व्याख्यानात शिरले आणि लिनक्स घेऊन बाहेर पडले. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणाच्या मालकीची नसलेली प्रणाली. चोरी करायला नको, कुणापुढे वाकायला नको. त्या दिवसापासून घरातली बाकीची माणसं वाकू लागली.

बू वुर्यानी, म्हणजे त्यांची बायको, गल्लीतल्या बायकांच्या मंडळाची चिटणीस. मंडळाची कागदपत्रं दुसऱ्यांच्या संगणकावरून यायची आणि हार्दोयोंच्या संगणकावर उघडली की त्यातले रकाने एकमेकांच्या अंगावर चढायचे. एकदा पाहुण्यांच्या रकान्यात उकडलेली केळी आली आणि फराळाच्या रकान्यात मुख्याध्यापिका बाई. वुर्यानींनी ते तसंच वाचून दाखवलं, आणि त्या बाई अजून त्यांच्याशी जेमतेम बोलतात. लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तो झोपायचा आणि उघडलं की उठायचा नाही. प्रिंटरला लहर आली तर छापायचा. वुर्यानींचे थोरले भाऊ, म्हणजे मुलीचे पाकदे, थोरले मामा, सुतिक्नो मोटारसायकलचे सुटे भाग विकतात आणि तोंडाने फटकळ आहेत. ते म्हणायचे, "या प्रिंटरला भुताखेतांचा शुक्रवार लागतो. धूप जाळा, छापेल."

हार्दोयोंचं उत्तर ठरलेलं. "होतंय. एकच मिनिट." मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागायची, घरातलं इंटरनेट जायचं आणि त्या एका मिनिटात दुपारचं जेवण गार व्हायचं. फारच अडलं, म्हणजे संगणकाचा आवाजच गेला, तर ते गावातल्या लिनक्सवाल्यांच्या गटात विचारत. तिथे सगळे मोठे अदबीचे लोक. कुणी 'मला येत नाही' असं म्हणत नसे. एकजण लिहायचा, 'माझ्याकडे तर छान चालतं.' दुसरा विचारायचा, 'पण मुळात तुम्हाला आवाज हवाय कशाला?' हार्दोयो दोघांचेही मनापासून आभार मानत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. या सगळ्यात संगणकाची चूक आहे असं मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. चूक कायम प्रिंटरची, केबलची, नाहीतर घाई करणाऱ्या बायकोची.

मुलगी लारास या सगळ्याकडे दुरून बघे. ती शेजारच्या बोयोलालीच्या दूध संघात दूध तपासायच्या कामावर होती आणि नुकतीच तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली होती. आणि नेमकं तेव्हाच सोरोंगहून तिला मागणी आली.

मुलासाठी मागणी घालणारे पाक मुल्यात्नो हे हार्दोयोंचे शाळेपासूनचे मित्र. टेलिफोन खात्यात लागून पार पापुआच्या टोकाला, सोरोंगला गेले आणि तिथेच स्थिरावले. त्यांचा मुलगा युधा सगळ्यांनी दोनदा पाहिलेला. चांगला होता. मित्राचं मन कसं मोडायचं म्हणून हार्दोयो फोनवर "इंग्गिह, इंग्गिह" म्हणून बसले. आमच्या जावानीजमध्ये 'इंग्गिह' म्हणजे 'हो', पण त्यात खरा होकार किती आणि भिडस्तपणा किती ते ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. मुल्यात्नोंनी त्यात सगळा होकारच धरला.

"पाक, तुम्ही इंग्गिह म्हणून मोकळे झालात," लारास म्हणाली. "आता 'नाही' कोण म्हणणार?"

"युधा काय वाईट आहे का?" हार्दोयो चाचरत म्हणाले.

"भला आहे. पण भला आहे म्हणून मी प्रयोगशाळा सोडून सोरोंगला जाऊ? गल्लीतला दूधवालाही भला आहे."

वुर्यानी मुलीच्या बाजूच्या होत्या, पण 'नाही' हा शब्द त्यांच्याही तोंडून निघण्यातला नव्हता. त्या म्हणाल्या, "रीतच आहे, ते तुला समोर विचारतील. तेव्हा तूच सांग. मात्र बोल हो. मान खाली घालून गप्प बसलीस तर संपलं."

हे खरंच होतं. आमच्याकडे मागणी घालताना मुलीला विचारतात आणि ती गप्प राहिली तर तो होकार. लाजेने बोलवत नाही असं धरतात. मनात नसेल त्या मुलीला तोंड उघडावंच लागतं. लारासने चार दिवस आरशासमोर ते वाक्य घोटलं. कुणाचं मन दुखणार नाही, पण अर्थ लपणार नाही, असं.

सोरोंगहून सगळं घर उठून येणं शक्य नव्हतं. ठरलं की पहिली विचारणा रविवारी सकाळी पडद्यावरून व्हायची. पाकदे सुतिक्नो बाटिकचा सदरा घालून आले आणि दारातच म्हणाले, "माझा फोन घ्या. उभा करा बरणीला टेकवून, झालं."

"एवढ्या मोठ्या कामाला बरणी?" हार्दोयोंना ते अपमानास्पद वाटलं. "मोठ्या टीव्हीवर दिसेल सगळं. मी कालच जोडून पाहिलंय. आवाज, चित्र, सगळं ठणठणीत."

काल ते खरोखरच ठणठणीत होतं. पण आज पडद्यावरून का होईना पाहुणे येणार म्हणून वुर्यानींनी पहाटे फरशी पुसली, तशी हार्दोयोंनी प्रणाली अद्ययावत केली. जुनी आवृत्ती घेऊन व्याह्यांसमोर बसणं त्यांना बरं दिसेना. हा त्यांच्या पंथातल्या लोकांचा खास आजार. चाललेलं आहे ते चालू द्यावं, हे त्यांच्या जिवाला सहन होत नाही.

तरीही सुरुवात झोकात झाली. टीव्हीवर मुल्यात्नो, त्यांची बायको आणि मधे घाम पुसणारा युधा दिसले. नमस्कार-चमत्कार झाले, इकडचं तिकडे नीट ऐकू गेलं. हार्दोयोंनी सुतिक्नोंकडे असं पाहिलं की बरणीचा विषय कायमचा मिटावा. मग मुल्यात्नोंनी खास मागणीचं भाषण सुरू केलं. उच्च जावानीज, पूर्वजांपासून आरंभ, मधे शाळेतल्या आठवणी, दोन ठिकाणी डोळे पुसणं. इकडची मंडळी रीतीप्रमाणे माना खाली घालून चिडीचूप ऐकत होती. वडीलधारे बोलत असताना हुंकारही द्यायचा नसतो.

अखेर मुल्यात्नो थांबले. "लारास पोरी, आता तू सांग. तुझ्या मनात काय आहे?"

लारास मान खालीच ठेवून, मोठ्यांशी बोलावं तशा हळू आवाजात, पण स्पष्ट बोलली. "काका, तुम्ही मला लेक मानलंत, हे माझं भाग्य. पण माझ्या मनात लग्न नाही आणि सोरोंगला येणं तर नाहीच. मला माफ करा."

लारासने ते सांगून टाकलं होतं. वुर्यानींना भीती वाटली आणि लेकीचा अभिमानही.

टीव्हीवर मुल्यात्नोंनी थोडी वाट पाहिली. मग त्यांचा चेहरा फुलला. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले. "बघा, कसं वळण आहे. एक शब्द बोलली नाही पोर."

त्यांची बायको रडू लागली. युधाने घाम पुसायचं थांबवलं.

"अहो, बोलली ती!" सुतिक्नो ओरडले. तिकडे कुणाला ऐकू गेलं नाही. ते उठून दोन्ही हात हलवत टीव्हीसमोर नाचू लागले. "बघा, मामांना किती आनंद झाला," मुल्यात्नो कौतुकाने म्हणाले.

हार्दोयोंनी लॅपटॉप ओढला. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. पहाटे भरलेल्या नव्या आवृत्तीत एक सुधारणा होती. बराच वेळ कुणी बोललं नाही तर वीज वाचवायला माइक झोपवून टाकायचा. ज्याने ती लिहिली त्याला बहुधा जिथे सगळे एकदम बोलतात असं घर ठाऊक असेल. मोठ्यांचं भाषण इतकी माणसं इतका वेळ गप्प बसून ऐकतील, हे त्याच्या कल्पनेत कुठून येणार?

"होतंय," हार्दोयो म्हणाले. "एकच मिनिट."

काळ्या पडद्यावर अक्षरं धावू लागली. तिकडे मुल्यात्नो जावानीज पंचांग काढून दोघांचे जन्मवार जुळवत होते. इकडे माइक काही उठेना. तिकडे महिना ठरला. इकडे लारास वडिलांच्या मागे उभी राहून म्हणत होती, "पाक, फोन लावा. पाक, सोडा ते." तिकडे मांडवात कुणाकुणाला बोलवायचं ते निघालं. मग मुल्यात्नोंनी दुआ म्हटली, सगळ्यांनी हात हलवले आणि पडदा रिकामा झाला. माइक त्यानंतर जागा झाला.

वुर्यानी म्हणाल्या, "होकार दिल्यावर नकार म्हणजे भर चौकात थोबाडीत मारणं. त्यांनी आता सगळ्या सोरोंगला सांगितलं असेल."

"लाइन खराब होती म्हणू," हार्दोयो म्हणाले. "सोरोंगकडची."

"त्या माणसाने जन्मभर टेलिफोन खात्यात काढलाय," सुतिक्नो म्हणाले. "त्याला लाइन खराब म्हणणार? खरं सांगा ना. तुमचा डबा बंद पडला."

हार्दोयोंनी मान फिरवली. लारासच्या डोळ्यांत पाणी होतं. ती रडणारी मुलगी नव्हती. दूध संघात तक्रार करायला आलेले गोठेवाले तिला टरकून असत. तिच्याकडे बघून हार्दोयोंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी बायकोचा फोन मागून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"मुल्यात्नो," ते म्हणाले, "लारास गप्प बसली नव्हती रे. ती बोलली होती. तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण माझा संगणक बिघडला. माइक बंद पडला. दोष त्याचाच. आणि पहिल्यांदा नाही. तो नेहमीच बिघडतो."

हे शेवटचं वाक्य त्यांच्याने कसं बोलवलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. सुतिक्नोंनी चहाचा पेला खाली ठेवला.

पलीकडून मुल्यात्नोंचा बदललेला, अगदी मऊ आवाज आला. "हार्दोयो, दर लेबारानला तू पत्र लिहितोस. त्यात काय असतं? ईद मुबारक, आणि आमचा लिनक्स कधी बंद पडत नाही. मी घरात सगळ्यांना वाचून दाखवतो. आणि आज तो बंद पडला म्हणतोस?"

"पडला रे. खरंच पडला."

"कळलं मला," मुल्यात्नो म्हणाले. "पोरीचं मन फिरलं, आणि आमचा मान राखायला तू त्याला बदनाम केलंस. ज्याच्यासाठी जगाशी भांडलास त्याला. अशी खानदानी तऱ्हा आता राहिली नाही बघ. पोरीला सांग, आमच्या मनात काही नाही. युधाला मी समजावतो."

"नाही, तसं नाही, अरे ऐक, त्या नव्या आवृत्तीत..." हार्दोयो कळवळून म्हणाले. वुर्यानींनी त्यांचा गुडघा इतका जोरात दाबला की पुढचा शब्द घशातच राहिला.

"इंग्गिह," ते म्हणाले. मुल्यात्नोंनी त्यांना दुवा देऊन फोन ठेवला.

लारास वडिलांसमोर बसली. तिने त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला.

"जन्मात एकदा कबूल केलं," हार्दोयो तिला म्हणाले, "आणि कुणाचा विश्वास बसला नाही."

"माझा बसला," लारास म्हणाली. "मी याच घरात वाढलेय, पाक."