पार्वताबाईंच्या कमरेचा चाकू

साक्रीच्या आठवडे बाजारात पार्वताबाईंचे चाकू विकले जात नव्हते आणि त्याला बराचसा मी जबाबदार होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक त्या बाईलाच नावं ठेवतील.

सत्त्याऐंशी साली मी साक्रीच्या पोस्टात कारकून होतो. मूळचा फैजपूरचा. पार्वताबाई माझ्या खोलीमागच्या गल्लीत मुलगा-सुनेसोबत राहायच्या. पन्नाशीच्या, विधवा, तोंडाने फटकळ. त्यांचे वडील भिका आबा लोहार. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचं लोखंड ठोकून ते घडीचे चाकू करायचे, बाभळीच्या मुठीचे, बंद केला की बंडीच्या खिशात मावणारे. डोंगराकडच्या खेड्यांतून गुराखी, मेंढपाळ चालत यायचे ते त्या चाकूंसाठी. आबा गेले. भट्टी, भाता, ऐरण पुतण्याने घेतलं. छगन त्याचं नाव. त्याने वर्षाच्या आत ते सगळं मोडीत घातलं. लेकीच्या वाट्याला पत्र्याची एक पेटी आली, आत त्रेचाळीस चाकू.

छगन मग कारखान्यातले चकचकीत, प्लास्टिकच्या मुठीचे चाकू आणून बाजारात बसू लागला. वर सांगत सुटला, की आबाचा माल आबाबरोबर संपला. हे पार्वताबाईंच्या जिव्हारी लागलं. जन्मात त्यांनी कधी काही विकलं नव्हतं, पण आता हट्टाला पेटल्या. बापाच्या जागेवर बसायचं, बापाच्या नावाने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस विकायचे आणि नाव संपलेलं नाही हे छगनला दाखवायचं. मग पुन्हा त्या बाजारात पाय ठेवायचा नाही.

पेटी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. पाती सगळी काळीकुट्ट. मी अक्कल पाजळली.

"घासून लख्ख करा. गिऱ्हाईक चकाकीला भुलतं."

आपल्याकडच्या बाईला घासायला सांगितलं की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. दिवाळीला फळीवरचे डबे निघतात तसे ते चाकू निघाले. रात्रभर चिंचेच्या पाण्यात पडले, सकाळी विटेच्या भुग्याने घासले, राखेने पुसले. दोन दिवसांत पातं असं निघालं की त्यात भांग पाडावा. एकच चाकू घासायचा राहिला, तो म्हणजे आबांच्या स्वतःच्या खिशातला. तो पेटीतला नव्हताच. आबा गेल्यापासून तो पार्वताबाईंच्या कमरेला असायचा आणि दिवसभर हाताशी लागायचा.

पहिल्या बाजाराला त्यांनी पोतं अंथरलं, चाकू ओळीने मांडले आणि "भिका आबाना चाकू" म्हणून ओरडायला लागल्या. माणसं आली. वाकून पाहिलं. चाकू हातात घेतला, उघडला, मिटला आणि पोत्यावर ठेवून दिला.

"ह्या छगनकडलाच शेतस ना?"

"छगनना नही. मना बापना शेतस."

"भिका आबाना चाकू काया ऱ्हाये, अक्का." आबांचा चाकू काळा असायचा, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक.

दुपार झाली. भवानीसुद्धा झाली नव्हती. पार्वताबाईंनी फडकं सोडलं, भाकरी काढली आणि कमरेच्या चाकूने कांदा कापायला घेतला. समोरून जाणारा एक म्हातारा थबकला. पुढे झाला आणि नेमकं त्यांच्या हाताकडे बोट करून म्हणाला, "हाऊ दे."

"हाऊ इकाना नही. त्या बठ्ठा इकाना शेतस." पार्वताबाईंनी विकायला मांडलेली ओळ दाखवली.

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि गेला.

असं एकदा झालं असतं तर मी हसलो असतो. दर बाजारी झालं. समोर त्रेचाळीस चाकू उघडे पडलेले आणि जो येईल त्याला कमरेचाच हवा. मुठी त्याच, लोखंड तेच, हात तोच, पण लोकांना दिसायचं फक्त काळं पातं. पार्वताबाई शपथा घ्यायच्या, भांडायच्या, एकदा तर एका मेंढपाळाच्या अंगावर धावून गेल्या. तिकडे छगन आपल्या पोत्यावर बसून सगळं पाहायचा आणि पान थुंकायचा. मी दोनदा मध्ये पडलो. पोस्टातला माणूस चाकूची हमी देतो म्हटल्यावर लोकांचा संशय वाढलाच. संध्याकाळी पेटी डोक्यावर घेऊन परतताना त्या माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. मी स्वतःच्या नावाने रोज खडे फोडत होतो.

तीन महिन्यांनी भडगावकडचा एक माणूस आला. आधार त्याचं नाव, लिंबाची कलमं करायचा. त्यानेही कमरेचाच मागितला. पार्वताबाईंनी दिली एक शिवी ठेवून. तो गेला नाही. पोत्यापाशी उकिडवा बसला.

"अक्का, तुना हातमातला काया का शे? तू रोज वापरस म्हनीसन. मंग ह्यास्ले बी वापर."

मला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. इतकं साधं. लोखंड कांद्याने काळं पडतं, लिंबाने पडतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून पार्वताबाईंच्या हातात पेटीतला एकेक चाकू आला. कांदा, कैरी, लिंबू, शेळीचा पाला, बाभळीचं दातण, सगळं त्यानेच. सुनेलाही एक दिला. तीन-चार आठवड्यांत पातं काळं पडायचं. मग बाजारात भाकरीच्या वेळी तो काढायचा, कांदा कापायचा, कोणीतरी थांबून "हाऊ दे" म्हणायचं. हातातला चाकू त्या पुसून पोत्यावर ठेवायच्या, गिऱ्हाईक तो उचलायचं. महिन्याला जेमतेम दोन जायचे. कांदे चिरून चिरून बोटं चिघळली, सून कटकट करायला लागली, पण "भिका आबाना चाकू" ही आरोळी थांबली नाही. आबांचा स्वतःचा चाकू घरी देवळीत गेला.

दोन वर्षं लागली. एक मीही घेतला, माझी पाळी येईपर्यंत थांबून. शेवटचा गेला त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून बाजारात गेलो होतो. पोतं झटकत असताना दोन गुराखी समोरून चालले होते. एकाने खिशातून चाकू काढून दुसऱ्याला दाखवला.

"देख. पार्वताबाईना चाकू शे."

पार्वताबाई पोतं टाकून उठल्या. "पार्वताबाईना नही. भिका लोहारना. मना बापना."

गुराखी विशी-बाविशीचा होता. भांबावला. "कोन भिका? आम्ही तं तुलेच देखं, अक्का." चाकू मिटून खिशात घातला आणि दोघं निघून गेले.

आता ह्या शिव्या देतील म्हणून मी वाट पाहिली. त्या खाली बसल्या. रिकाम्या पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"बापनं नाव ऱ्हावाले दोन वरीस बोंबलनू मी, भाऊ," त्या म्हणाल्या. "आनि ऱ्हायनं कोनं, तं मनं."

मला फार वाईट वाटलं. त्या पोराचा रागही आला. मी म्हटलं, लोकांना काय कळतंय, तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांनी पेटी डोक्यावर घेतली आणि घराची वाट धरली.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. चाकू अजून माझ्याकडे आहे. परवा शेजारच्या लीलाधरने सुतळी कापायला मागितला. पात्यावरून बोट फिरवून म्हणाला, "धार चांगली आहे. कुठला?"

"साक्रीचा," मी म्हटलं. "पार्वताबाईंचा."