घरोघर फिरणारी वही

गावच्या ग्रामसभेत तुम्ही शेवटचे कधी बसला होतात?

परवा आमच्या समाजमंदिरात सभेसाठी लांबलचक सतरंजी अंथरली होती. तिच्यावर मी आणि पारूमावशी, दोघीच होतो. मावशीला वस्तीवर नळ मागायचा होता. तासाभराने पंचायतीचे शिपाई गणपतकाका हजेरीची वही काखेत धरून आले. घरोघर फिरून त्यांनी शंभरावर सह्या आणल्या होत्या.

"काका, माणसं कुठायत?" मी विचारलं.

"सह्या आल्यात की. पहिल्यापासून असंच चालतंय, पोरी."

"मग मी नळ कुणाला मागू, ह्या सतरंजीला?" मावशी म्हणाली.

काका हसले. ठराव आधीच लिहून झाले होते आणि त्यांत नळ नव्हता. मावशी पदर सावरत उठून गेली.

कागदावर सभा गच्च भरली होती आणि मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. बोलायचा हक्क संविधानाने दिला, पण तो वापरायची सवय गावानेच गावाला लावायची असते. आम्ही सवय लावली ती उंबऱ्यात उभं राहून सही करण्याची.

पुढच्या वेळी वही तुमच्या दारात आली, तर सही करू नका. चपला घाला आणि सभेत जाऊन बसा. तिथे कुणीतरी आपलं म्हणणं ऐकणाऱ्या माणसांची वाट बघत असतं.