अर्ध्या भाड्यातली खोली

तेव्हा मी कारखान्याच्या माळ्यावर राहायचो. उल्हासनगर कॅम्प चारमधला जीन्स शिवायचा कारखाना. खाली मशिनी, वर माळा, आणि माळ्यावर रचलेल्या गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत आम्ही कामगार पोरं झोपायचो. माझं काम इस्त्रीचं. आठवीत शाळा सुटली, आणि पुसदकडच्या आमच्या खेड्यातल्या एकाचा हात धरून मी इकडे आलो. माळ्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. माळा होता म्हणून भाडं नव्हतं, आणि भाडं नव्हतं म्हणून गावी चार पैसे जायचे. पण आमच्याकडच्या डॉक्टरनं बाबांच्या पोटात गाठ सांगितली, 'मुंबईकडं न्या' म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्या माळ्याची काळजी लागली. माय झोपणार कुठं? वर चढायला लोखंडी शिडी, पोरं बनियनवर पडलेली, आणि संडास गल्लीच्या टोकाला.

ऑपरेशन कॅम्पातल्याच एका लहान दवाखान्यात ठरलं. तेही आमच्या सिंधी शेठच्या मुलानं ओळख काढून ठरवून दिलं. तो माझ्याच वयाचा, पण कॉलेज केलेला. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. माझा चेहरा बघून त्यानंच मला आत बोलावलं आणि स्क्रीनवरच्या एका हॉटेलाकडे बोट केलं.

"देख, असली रेट ये. इसपे काटा मारा हुआ है. बाजू में देख, आधा! आधे रेट में ए.सी. रूम, साईं. और क्या चाहिए तेरे को?"

मी विचारलं, "इसके ऊपर कुछ लगेगा क्या?"

"अरे डरपोक! इस्त्री मार मार के तेरा भेजा भी गरम हो गया. पेमेंट इधर से हो गया. अभी खाली जाके सोने का."

कार्ड त्याचं होतं. पैसे माझ्या पगारातून हळूहळू कापायचे ठरले, आणि 'जल्दी नहीं है' हेही तोच म्हणाला. इतक्या वर्षांनी मी हे लिहितोय, तर त्याचे उपकार आधी लिहून ठेवतो. पुढं जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं.

माय आणि बाबा कल्याणला उतरले. मायच्या डोक्यावर बोचकं, बाबांच्या हातात नुसती काठी. बाबा इतके वाळले होते की मी आधी दुसऱ्याच कुणाकडे बघत राहिलो. रिक्षात बसण्याआधी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटांची घडी काढून माझ्या हातात दिली.

"हे औषधाचे नाहीत, बरं का. हे मले परत न्याचे हायेत."

"बाबा, असं काऊन बोलता?"

"ऐक न. पायानं चालत आलो, तर तिकीट काढू अन् उरलेल्याचे पेढे घेऊ. नाही आलो चालत, तरी घरीच ने. हितं कोण वळखते मले?"

माय म्हणाली, "पेढे तुमाले पचत नाहीत."

"मंग तू खाजो," बाबा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. रिक्षावालाही हसला.

हॉटेलच्या काउंटरवर मी शेठच्या मुलानं छापून दिलेला कागद ठेवला. तिथल्या माणसानं तो नीट वाचला आणि म्हणाला, "खोलीचं भाडं आलंय. टॅक्स इथं भरायचा."

टॅक्स म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं. मी म्हणालो, "अर्ध्या भाड्यावर एवढा कसा होईल?"

"टॅक्स बोर्डावरच्या भाड्यावर लागतो. तुम्हाला कितीला मिळाली त्यावर नाही."

बुकिंग चार रात्रींचं, पण दोन माणसांचं होतं, आम्ही तिघं. एक रात्र तरी मला बाबांजवळ राहायचं होतं. तिसऱ्या माणसाचे वेगळे, त्याच्या गादीचे वेगळे. सर्व्हिस चार्ज म्हणून आणखी काही. वर डिपॉझिट. "ते परत मिळतं," तो म्हणाला, "जाताना हिशेब करून." माझ्याजवळचे दवाखान्यात भरलेले होते. बाबांनी दिलेल्या घडीतून मी डिपॉझिट भरलं. परत मिळणारच होतं. 'हिशेब करून' म्हणजे हे सगळं त्यातूनच कापून, हे तेव्हा मला कळलं नाही.

आता माझी बदलापूरला स्वतःची खोली आहे. आजूबाजूचे लोक कुठं लग्नाला, परीक्षेला, दवाखान्यासाठी जायचं असलं की मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. 'बघ ना, स्वस्त दिसतंय.' मी त्यांना सांगतो की आकडा बघून बटण दाबू नका. आधी त्या हॉटेलातच फोन लावा. टॅक्स धरून किती, माणसं किती चालतात, लवकर निघालो तर पैसे परत येतात का, डिपॉझिट किती आणि त्यातून काय काय कापतात, हे विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. लोक मला भित्रा म्हणतात. असेन. पण तेव्हा मला एवढं विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी त्या काउंटरसमोर तोंड उघडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

ती हॉटेलातली खोली चांगली होती, खोटं का बोलू. पांढरीशुभ्र चादर, मऊ उशा. बाबा पलंगाच्या काठावरच बसले. मी म्हणालो, "बाबा, पाय वर घ्या, नीट आडवे व्हा."

"अर्ध्या भाड्याची हाय न? मंग अर्ध्याच पलंगावर झोपतो."

मायनं खिडकी उघडायला बघितली. ती उघडत नव्हती. ए.सी.ची खोली. बाबांना थंडी वाजत होती, म्हणून आम्ही ए.सी. बंद केला आणि तिघंही त्या बंद खोलीत घामाघूम होऊन बसलो. खालून पेज मागवली. बाबांनी दोन चमचे घेतली आणि वाटी मायकडे सरकवली. "छान हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात घेतलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आशा आहे. त्यानंतरच्या सकाळी म्हणाले, आम्ही प्रयत्न केला.

बाकीचं लिहीत नाही.

दवाखाना लहान. मयत ठेवायची सोय नव्हती, दुपारपर्यंत हलवा म्हणाले. फाटकाजवळ एक अँब्युलन्सवाला उभा असायचा. मी त्याला पुसदकडचं गाव सांगितलं. तो म्हणाला, "लांब आहे दादा. अर्धे आत्ता हातात, अर्धे तिकडं पोचल्यावर." मी मनात जुळवलं. बाबांच्या घडीतले उरलेले आणि वर डिपॉझिट, की अर्धे होत होते. पलीकडचे अर्धे भाऊ जमवेल. म्हणजे बाबा घरी जाणार होते. मला इतका धीर आला की मी त्या ड्रायव्हरच्या पाया पडायचाच बाकी होतो. तो म्हणाला, "हॉटेलातलं सामान घेऊन या. थांबतो मी."

मायला घेऊन मी खोलीवर आलो. भावाला कळवायचं होतं. माझ्या मोबाइलमध्ये बॅलन्स नव्हता, आणि रिचार्जच्या दुकानाची शटरं अजून खालीच होती. खोलीत पलंगाजवळ फोन होता. त्यावरून गावच्या किराणा दुकानात लावला. साऱ्या वस्तीला निरोप पोचवायला तो एकच फोन.

दुकानदार म्हणाला, "भाऊ वावरात गेला हाय तुया. थांब, कोणाले तरी धाडतो."

एरवी आम्ही अशा वेळी फोन ठेवायचो आणि थोड्या वेळानं पुन्हा लावायचो. मी ठेवणार, तर मायनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"माय, ठेव. मंग लावू पुन्हा."

"थांब जरा."

"अवं, तो येईलोक वेळ लागंल."

"थांब म्हणली न मी."

तिनं दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाला धरला आणि पलंगाच्या काठावर बसली. मी बोचकं बांधायला घेतलं. बाबांची टोपी, धोतर, चुन्याची डबी. थोड्या वेळानं माय हळूच म्हणाली, "चक्की सुरू हाय." मग म्हणाली, "शेजारीण आली दुकानात. चहापत्ती मागून राहिली. उधारच मागते ते, नेहमीची."

मी धोतराची घडी घालत होतो.

"कोणालेच मालूम नाही अजून," ती म्हणाली. "हसून राहिले सारे." आणि पुन्हा कितीतरी वेळानं, रिसीव्हर आणखी घट्ट धरून, "तिथं ते अजून हायेत रे."

मी बोचकं तसंच ठेवून तिच्याजवळ जाऊन बसलो. मला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या कानाशी काहीतरी बारीक कुरकुरत होतं, एवढंच. तिच्या हातून तो काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि आज विचाराल तरी मी तो काढून घेतला नसता.

शेवटी भाऊ आला असावा. माय एकदम ताठ झाली. रिसीव्हर माझ्याकडे करून म्हणाली, "तू सांग."

मी सांगितलं. एवढंसंच बोलणं झालं. भाऊ फक्त 'बरं, बरं' म्हणत होता. 'बरं. या घेऊन. बरं.'

खाली काउंटरवर त्या माणसानं मशीनमधून बिल काढलं. पुढच्या दोन रात्रींचे पैसे परत येणार नाहीत म्हणाला, ते ऑनलाइनवाल्यांच्या हातात. डिपॉझिटमधून टॅक्स गेला, तिसरा माणूस गेला, गादी गेली, सर्व्हिस चार्ज गेला, पेज गेली. पेजेच्या खालच्या ओळीतला आकडा बघून मी मोठ्यानं म्हणालो, "हे काय? हे कशाचे एवढे?"

"फोनचे. एस.टी.डी. आहे."

"अहो, दोन शब्द बोललो आम्ही."

"लाइन चालू होती ना दादा. मशीन मोजतं. बोलताय का गप्प आहात, ते त्याला कळत नाही."

तो वाईट माणूस नव्हता. बाबांचं सांगितलं तेव्हा त्यानं उठून मायला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. कमी करता येईल का म्हटल्यावर वरिष्ठांना विचारून आला आणि नकाराची मान हलवली. माय त्या खुर्चीवरून सगळं ऐकत होती.

हातात आलं ते ड्रायव्हरच्या अर्ध्याला पुरत नव्हतं. मायला दवाखान्यात बसवून मी कारखान्याकडे पळालो. शेठ बाहेरगावी होते. त्यांच्या मुलानं पाकीट माझ्यासमोर उपडं केलं, गल्ल्यातलं दिलं, पोरांनी खिसे झाडले. जमले. पण मी परत येईपर्यंत तो ड्रायव्हर दुसरं भाडं घेऊन गेला होता. त्यालाही पोट आहे. त्यानंतर जो मिळाला तो एवढ्या लांब, मयत घेऊन, सगळे पैसे आधी मागत होता. तेवढे कुणाकडेच नव्हते, आणि दवाखान्यातली नर्स एकसारखी दारात येऊन बघत होती.

बाबांना अंबरनाथच्या स्मशानात नेलं. आमच्या कारखान्यातल्या एकानं तिथल्या विहारात कळवलं होतं. पांढऱ्या कपड्यांत माणसं आली, एकाही तोंडाची ओळख नसलेली. त्यांनी खांदा दिला, त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मायला हाताला धरून आपल्या घरी नेलं. भाऊ येईपर्यंत माय त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्या सुनेनं तिला न्हाऊ घातलं, जेवू घातलं. 'हितं कोण वळखते मले' म्हणाले होते बाबा. खरंच कुणी ओळखत नव्हतं. आणि तरी आले.

निघायच्या दिवशी माय मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "मी तो फोन धरून बसली नसती, तर गेले असते न रे ते घरी."

मी नाही म्हटलं. किती प्रकारे नाही म्हटलं. टॅक्स सांगितला, गादी सांगितली, ड्रायव्हर थांबला नाही हे सांगितलं. ती मान हलवत राहिली. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे तिला वाटत असावं, मी तिची समजूत काढतोय. म्हणून गाडीला जाण्याआधी मी तिला आणि भावाला कारखान्यात घेऊन गेलो आणि शेठच्या मुलाला बिल वाचून दाखवायला सांगितलं. म्हटलं, शिकलेल्या माणसाच्या तोंडून आलं तर पटेल.

त्यानं उठून मायला खुर्ची दिली. मोडक्यातोडक्या मराठीत एकेक ओळ वाचली, बोट ठेवून. "आई, हा टॅक्स. बघा, हा सगळ्यात मोठा. हा एक माणूस जास्ती. हा गद्दा. हा सर्व्हिस. हा पेज. आणि हा फोन. फोन तर किती छोटा, बघा. बाकीचा सगळा मिळून किती मोठा!"

मायनं सगळं ऐकून घेतलं. त्याचं बोट जिथं थांबलं होतं त्या ओळीकडे बघत राहिली.

"व्हय बाप्पा," ती म्हणाली. "पण बाकीचं म्यां नव्हतं न केलं."