डोनाऊच्या बांधावर सहा शनिवार

सासऱ्यांना सायकल सोडायला लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते माझा शब्द मोडत नाहीत. यात माझं कर्तृत्व काही नाही. मी त्यांचा जावई आहे, एवढंच. मुलाने सांगितलं तर तो आगाऊपणा, मुलीने सांगितलं तर ती उगाच काळजी, आणि जावयाने सांगितलं तर तो निकाल. लग्नापासून ही व्यवस्था चालू आहे आणि तोवर मी तिचा एकदाच फायदा घेतला होता, तोही तिसऱ्यांदा वाढलेलं श्रीखंड नाकारायला.

झालं असं की पुण्यात एका पाण्याच्या टँकरने बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ओझरता धक्का दिला. बाबा सायकलवर होते. कोपर प्लास्टरमध्ये गेलं, सायकलचं पुढचं चाक वाकलं. प्लास्टर निघायच्या आधी त्यांनी चाक बदलून आणलं. वय बहात्तर. सासूबाई गेल्यापासून एकटे राहतात; मेव्हणा, म्हणजे बायकोचा दादा, चार गल्ल्या सोडून. चिंचवडहून भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते सायकलने गेले आणि निवृत्तीनंतरही भाजीपासून बँकेपर्यंत सगळीकडे सायकलनेच जात होते. त्या वाहतुकीत. मेव्हणा व्हिडिओ कॉलवर रडकुंडीला आला होता. "दाजी, तुम्हीच बोला आता. माझं ऐकतील तर शपथ."

बाबा दीड महिन्यासाठी आमच्याकडे इंगोलश्टाटला येणारच होते. बायको म्हणाली, "घाई करू नकोस. एखाद्या शांत जागी ने आणि नीट सांग."

शांत जागा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. डोनाऊच्या काठाने मातीचा बांध जातो, त्यावर सायकलींचा रस्ता. गाड्यांना बंदी, तोंडाशी लाल-पांढरा आडवा दांडा लावलेला आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाणथळ रान, मग मक्याची शेतं, मग एखादं चर्च आणि त्याच्याभोवती गाव. या शहरात लोक सोमवार ते शुक्रवार गाड्या बनवतात आणि शनिवारी जिथे गाडी येणार नाही अशा ठिकाणी जातात. मीही त्यातलाच. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी आवाज शोधतो. नवी गाडी खडबडीत पट्ट्यांवरून चालवतात, मी आत डोळे मिटून बसतो आणि कुठे कुई होतंय, कुठे खर्र वाजतंय ते सांगतो. माझा कान कंपनीत नावाजलेला आहे. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

बाबांसाठी जुन्या बाजारातून एक सायकल आणली. त्यांनी ती अंगणात उलटी केली, साखळीला तेल दिलं, ब्रेक आवळले आणि सीट दोन बोटं खाली घेतली. हेल्मेटला नाही म्हणाले. मी "घाला" म्हटल्यावर लगेच घातलं. बायको खिडकीतून बघत होती. तिने मला खूण केली, की बघ, किती सोपं आहे.

पहिल्या शनिवारी बांधावर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पुढे व्हा."

"छे छे, तुम्ही पुढे. जावयाच्या पुढे कसा जाऊ?"

मग मी पुढे, ते मागे. मी ठरवलं होतं की आधी इकडचं तिकडचं बोलायचं आणि हळूच विषय काढायचा. म्हणून मी मान जरा वळवून त्यांना माहिती देत राहिलो. हा बांध पुरासाठी कसा आहे, वीजनिर्मितीसाठी नदी कुठे अडवली आहे, हे रान पाण्याखाली जाऊ देतात ते का. बाबांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. माझ्या घरात मला असं कुणी बोलू देत नाही. तीन वाक्यांनंतर बायको फोन बघते आणि आठ वर्षांची मुलगी "पापा, लांगवाइलिश" म्हणते, म्हणजे कंटाळा आला. मला सासरे आवडायचेच, त्या दिवशी जास्त आवडले. मूळ विषय राहून गेला.

"बोललास?" बायकोने दारातच विचारलं.

"वारा होता."

दुसऱ्या शनिवारी करकोचा दिसला. तिसऱ्या शनिवारी बाबांनी वाटेत शेतकऱ्याच्या टपरीवरून स्ट्रॉबेऱ्या घेतल्या. कुणाच्या हातात स्ट्रॉबेऱ्या असताना असं काही बोलता येत नाही. चौथ्या शनिवारी कारण सापडलं नाही, पण बोललोही नाही. खरं सांगायचं तर मला ते करायचंच नव्हतं. घरात बाबा सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसायचे, टीव्हीकडे बघायचे, ताट आपणहून धुवायचे. बांधावर आले की पाठ ताठ व्हायची. चढाला ते सीटवरून उठून पॅडल मारायचे, बहात्तराव्या वर्षी, आणि वर पोचल्यावर इकडेतिकडे बघायचे, कुणी पाहिलं का म्हणून.

"जा, गेनाऊ," बायको म्हणाली. हे दोन जर्मन शब्द, म्हणजे 'हो, अगदी', ती ऑफिसात, समोरच्याचं काम झालेलं नसलं की वापरते. "वारा, करकोचा, स्ट्रॉबेरी. तो टँकर पुन्हा आला तर त्याला काय सांगणार आहेस?"

एक गोष्ट मात्र मी दर शनिवारी पाहत होतो आणि तिचा मला अभिमान वाटत होता. मागून सायकलवाले यायचे, घंटी वाजवायचे, आणि बाबा रस्त्याच्या मधोमध तशीच सायकल चालवत राहायचे. जर्मन माणूस एकदा वाजवतो, दुसऱ्यांदा वाजवतो, मग गवतातून वळसा घालून जाताना "आल्झो!" म्हणतो, म्हणजे काय हे. एक आजी तर थांबून मला नियम सांगून गेल्या. मला वाटलं, हा पुणेरी बाणा आहे. तुम्हाला घाई आहे, तर तुम्ही बाजूने जा. मी आजींची माफी मागितली आणि मनातून बाबांना दाद दिली.

घरीही तसंच. मुलगी त्यांच्याशी जर्मन बोलायची आणि ते प्रत्येक गोष्टीला "हो, हो" म्हणायचे. ओपा, म्हणजे आजोबा, तुला व्हॅनिला हवं की चॉकलेट? हो, हो. आम्ही हसायचो. त्यांना जर्मन येत नाही, हे आम्हाला पुरेसं होतं.

सहावा शनिवार शेवटचा होता. गुरुवारी त्यांचं विमान. बायकोने थालीपिठं बांधून दिली आणि डबा हातात ठेवताना म्हणाली, "आज न बोलता आलास तर मी दादाला फोन करून तुझ्याकडे देईन."

बारा किलोमीटरवर एक बाक आहे, समोर नदी, पलीकडच्या काठावर गाव. आम्ही तिथे बसलो. बाबांनी डब्यातली फॉइल उघडली, थालीपिठाचा तुकडा मोडला, नदीकडे बघत समाधानाने म्हणाले, "काय शांतता आहे हो, जावईबापू. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

बारा वाजले होते. पलीकडच्या चर्चची घंटा वाजत होती. एखाददुसरा टोला नाही. इथे दुपारी ती सलग दोन-तीन मिनिटं वाजते आणि पाण्यावरून चांगली मोठी ऐकू येते.

पाणी प्यायला उठल्यासारखं करून त्यांच्या मागे गेलो, माझ्या सायकलची घंटी वाजवली. मग जोरात वाजवली. मग म्हटलं, "बाबा." ते थालीपीठ खात होते.

मला स्वतःचा फार राग आला. दाराच्या आतली सैल क्लिप मी दीडशेच्या वेगात ओळखतो. पाच शनिवार हा माणूस माझ्या मागे होता आणि मी त्याला पूरनियंत्रण समजावून सांगत होतो.

समोर येऊन मी गवतात बसलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. "बाबा, कधीपासून?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सायकलच्या घंटीकडे. न समजल्याचं नाटक केलं नाही.

"डावा कान गेला त्याला तीन वर्षं झाली. नस गेली म्हणतात, मशीनचा उपयोग नाही. उजवाही त्याच वाटेवर आहे. समोरच्याचे ओठ दिसले की कळतं. पुण्यात काय, सगळेच ओरडून बोलतात."

"टँकर?"

"हॉर्न वाजवला असेल बिचाऱ्याने."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी सायकल गेली असती."

घंटा थांबली. त्यांच्यासाठी काही बदललं नाही. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. मी ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "बाबा, पुण्यात सायकल चालवणं बंद करा."

"बरं," ते म्हणाले.

इतकंच. वाद नाही, "बघू" नाही, चेहराही पडला नाही. मी सहा आठवडे पाठ करून ठेवलेली सगळी कारणं तशीच शिल्लक राहिली. त्यांनी उरलेलं थालीपीठ पुन्हा फॉइलमध्ये गुंडाळलं. कडा नीट जुळेनात. मी मदत केली नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

मग म्हणाले, "विमानात बसलो तेव्हाच ठाऊक होतं, हे काम तुमच्या गळ्यात घालणार. म्हटलं, पहिल्याच शनिवारी सांगतील. तुम्ही नाही सांगितलंत. दुसऱ्यालाही नाही. मग मी शुक्रवारी झोपताना म्हणायचो, उद्याही नको सांगू देत." हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. "सहा मिळाले. तुमचे उपकार झाले."

मी गवत उपटत बसलो.

मग त्यांनीच विचारलं, "आता घरी कसं जायचं? आजचा दिवस चालेल ना, इथून घरापर्यंत?"

आलो त्या वाटेने घर बारा किलोमीटर होतं. मी उठलो, पॅन्ट झटकली आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"इकडून नको," मी म्हणालो. "पुढे नॉयबुर्ग गावाच्या पुलावरून पलीकडे जाऊ आणि त्या काठाने परत येऊ. तीस तरी होतील."

बायकोला मी जास्तीत जास्त पंचवीस म्हणून शब्द दिला होता, जाऊन-येऊन.

"बरं," बाबा म्हणाले, आणि माझ्या आधी सायकलवर बसले.