कावेरीपाशी तिसरी खेप

एझ्रा पेझारकरांना चूक कबूल करायला कधीच जड जात नसे, फक्त ती मोबाइलवर करायची सोय हवी. अशी माणसं हल्ली गल्लोगल्ली आहेत म्हणा. हे मूळचे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि बनशंकरीच्या एका सोसायटीत राहिले.

ऑगस्टमध्ये मुलीने पाठवलेलं पार्सल नेमकं शनिवारी दाराशी आलं. शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या वारी, उघडायचं नाही, म्हणून त्यांनी ते वर्षातून एकदाच लागणाऱ्या पेसाह सणाच्या भांड्यांच्या कपाटात सरकवलं आणि साफ विसरले. मंगळवारी मुलीने विचारलं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर यांनी लिहून टाकलं, जिना पुसणाऱ्या कावेरीनेच नेलं असणार. नऊ वर्षं काम करणाऱ्या बाईला सोसायटीने त्याच संध्याकाळी काढलं. पंधरा दिवसांनी पार्सल सापडलं. "मिळालं, सॉरी," एझ्रांनी लिहिलं, आणि पुढे जोडलेले हात.

बायको शिफ्रा म्हणाली, "अहो, देवाचा अपराध देव माफ करेल. माणसाचा केला असेल तर त्याच्या दारी जावं लागतं. दरफाळणी तोंडावर आलीय."

दरफाळणी म्हणजे त्यांचा योम किप्पूर. दिवसभर दार बंद, आदल्या सूर्यास्तापासून कडक उपास, देवापुढे झाडा. माणसाची माफी तीनदा मागावी, तरी नाहीच मिळाली तर मागणारा सुटला, असं शास्त्र सांगतं. त्या तीनावर एझ्रांची सगळी भिस्त होती.

कावेरी आता शहराबाहेर आनेकलच्या एका कारखान्यात लागली होती, राहायलाही तिकडेच. पहिल्या खेपेला तिने दार उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला कामाची वेळ झाली म्हणून निघून गेली. सणाच्या आदल्या दिवशी एझ्रा तिसऱ्यांदा बसमध्ये बसले, तेव्हा खरं सांगायचं तर ती पुन्हा नाही म्हणाली तर बरं, असंच त्यांना वाटत होतं.

ती नाही म्हणाली नाही. कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, चोर म्हणालात ते शंभर घरांसमोर. माफी मागताय इथे, मला एकटीला. चला तिथे."

पाच वाजता एझ्रांनी सोसायटीत दारोदार बेल वाजवून लोकांना खाली बोलावलं. वीसेक जण आले.

"हिने काही नेलं नव्हतं. पार्सल माझ्याच कपाटात होतं. काही न बघता मी हिला चोर म्हणालो."

लाज वाटली, चांगलीच वाटली.

लोक पांगले. आता ती "माफ केलं" म्हणेल, म्हणून एझ्रा उभे राहिले. कावेरीने मावळतीकडे पाहिलं.

"स्वल्प घाई करा अण्णा, उजेड आहे तोवर जेवून घ्या. उद्या तुमचं दार बंद. नऊ वर्षं त्या दिवशी मी तुमच्या मजल्यावर बादलीसुद्धा वाजू दिली नाही."

एवढं बोलून ती बस पकडायला गेली.

वर शिफ्राने ताट वाढून ठेवलं होतं. एझ्रांनी पहिला घास उचलला आणि परत ताटात ठेवला, आणि उपास सुरू व्हायला अजून अर्धा तास होता.