बिजलीची कांबळी

ती घटना आठवली की आजही माझ्या कपाळाची शीर ताठ होते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, चंबळेच्या खोऱ्यात डोक्यावरून गोळ्या गेल्या. पण दरोडेखोराचा मला कधी फारसा राग आला नाही. तो दरोडेखोर आहे हे तोही लपवत नाही. मला राग येतो तो पांढऱ्याशुभ्र अंगरख्यातल्या, चार लोकांनी उठून नमस्कार करावा अशा माणसाचा. या हकिकतीत तसा एक माणूस आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याच्या घरच्यांना ते ठाऊक आहे, तेवढं पुरे.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. ग्वाल्हेर संस्थानातल्या लष्कर शहरात एका ठाण्यावर मी सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं दक्षिणेतून आलेलं, पिढ्यानपिढ्या शिपाईगिरी करणारं. संक्रांत नुकतीच झाली होती आणि थंडी अशी की ठाण्याचे लेखनिक दिवाणजी दर दोन ओळींनी लेखणी खाली ठेवून हात चोळत आणि मग पुढचा रोजनामचा लिहीत. एका सकाळी शिंदे की छावनी नावाच्या वस्तीतल्या एका बड्या दरबारी अधिकाऱ्याकडून रपट आली. घरात आग लागली, वडील भाजले, पहाटे इस्पितळात वारले. स्वयंपाकीण बाईने वडिलांच्या खोलीत पेटती शेगडी ठेवली आणि ती तशीच सोडून गेली, तिच्यावर गुन्हा दाखल करावा, असं रपटीत म्हटलं होतं.

मी पंचांना घेऊन गेलो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना घरात आबासाहेब म्हणत. एके काळचे घोडदळातले. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, बोलणंही जवळजवळ बंद. दिवसा त्यांना अंगणात उन्हाला बसवत आणि ऊन कललं की आत खोलीतल्या आरामखुर्चीवर आणत. खोलीत पलंगावरची गादी जळून कोळसा झाली होती. छत काळं. लोकांनी बादल्या ओतलेल्या, त्यामुळे कापसाचा चिखल झाला होता. जमिनीवरची सतरंजी जळालेली. पलंगाच्या उशाशी लोखंडी शेगडी होती, तिच्यात राख होती. मी दोन बोटं राखेत घातली. राख कोरडी होती. बाकी खोलीत पिळता येईल इतकं पाणी, आणि राख कोरडी. हे मला खटकलं. मी शेगडी जागेवरच ठेवून खोलीला कुलूप घातलं आणि सील केलं.

बाईला तोवर हवालातीत टाकलं होतं. वरून तसा हुकूमच होता. चाळिशीची विधवा, दूरच्या नात्याचा आधार धरून दक्षिणेतून आलेली, जात्याच गप्प. घरात तिला सगळे काकू म्हणत. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. पहाऱ्यावरचा शिपाई तिला पाणी पाजत होता, कारण तिला पेला धरता येत नव्हता.

"हात कशाने भाजले?" मी विचारलं.

"आबासाहेबांना खुर्चीसकट ओढलं ना, साहेब. धोतराला लागली होती."

"शेगडी आत का नेली?"

"मी नाही नेली. मालकांनी सक्त मनाई केली होती. बिजलीची कांबळी आल्यापासून खोलीत शेगडी नाहीच."

"कसली कांबळी?"

"ती मुंबईहून आणलेली. आत तारा आहेत. पण मी वायरला हात लावला नाही, साहेब. देवाशप्पथ, मी वायरला हात लावला नाही."

ते एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. माझे हेड कॉन्स्टेबल कानाशी लागले, "एवढ्या शपथा घेतेय, म्हणजे वायरशी काहीतरी खेळ केलाच असणार." पोलिसांची ही नेहमीची समजूत. न विचारलेलं सांगतो तो लबाड. पण भेदरलेली माणसंही असंच करतात; ज्या गोष्टीवरून त्यांना सगळ्यात जास्त दटावलेलं असतं, तीच ती आधी सांगून टाकतात. मी दिवाणजींना तिचा जबाब शब्दशः लिहायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी त्या घरी दूध घालणारा गवळी ठाण्याच्या मागच्या दाराशी आला. आत यायला तयार नव्हता.

"हुजूर, मेरा नाम मत लेना। अंगीठी तो पिछवाड़े धरी थी। मैं दूध देने गया तब भी वहीं थी, और आग बुझ गई तब भी। काकू ने नहीं रखी भीतर।"

"फिर किसने रखी?"

"जिसका घर है, वो जाने।" आणि तो निघून गेला.

मी तडक पंचांना घेऊन गेलो, सील तोडलं आणि शेगडी उचलली. तिच्याखालची सतरंजी जळून काळी पडली होती. मग पलंगाचे पाय उचलायला लावले. प्रत्येक पायाखाली सतरंजीचा तुकडा शाबूत, लाल-निळे पट्टे स्पष्ट दिसणारे. भिंतीकडच्या कपाटाच्या पायांखालीही तसेच. आग लागली तेव्हा जे जे खोलीत उभं होतं, त्याने आपल्याखालची जागा झाकली होती. शेगडीने झाकली नव्हती, कारण शेगडी तेव्हा तिथे नव्हतीच. आग विझल्यावर कोणीतरी ती आणून ठेवली होती. पंचांपैकी एक नई सडकेवरचा कापडवाला होता. तो पुटपुटला, "यह तो पाप है, साहब." मला पापाचं माहीत नाही. आमच्या भाषेत त्याला खोटा पुरावा तयार करणं म्हणतात.

मग आग लागली कशाने? वर पाहिलं तर बल्बच्या होल्डरला दुतोंडी जोड होता आणि त्यातून जळक्या वायरचं टोक लोंबत होतं. त्या काळी त्या भागातल्या घरांना दिवसा वीज नसे. दिवेलागणीला बिजलीघरातून सोडत. मालकांनी मोठ्या हुशारीने खोलीचं बटण कायम चालू ठेवलं होतं. संध्याकाळी वीज आली की दिवाही लागावा आणि वडिलांचं अंथरूण आपोआप उबदार व्हावं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ही करामत कौतुकाने दाखवत. आणि नोकरमाणसांना एकच ताकीद: वायरला हात लावायचा नाही, मरशील.

आता आपल्या घरांतली रीत आठवा. सकाळ झाली की अंथरूण उचलायचं. काकू रोज गादी, तिच्यावरची ती कांबळी आणि चादर यांची एकच वळकटी करून पलंगाच्या कडेला ठेवत, वर दोन जाडजूड रजया रचत. वायर? तिला हात लावायचा नव्हता. ती तशीच होल्डरपासून वळकटीत गेलेली असे. रोज दिवेलागणीच्या आधी त्या अंथरूण पसरत, म्हणून काही घडलं नव्हतं. त्या दिवशी घरात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मालकीण बाईसाहेबांनी काकूंना स्वयंपाकघरातून हलू दिलं नाही. तिळगूळ, वाणं, फराळ. काकूंनी दोनदा म्हटलं, अंथरूण घालून येते. दोनदा उत्तर मिळालं, आधी इकडचं बघा. आबासाहेबांना आत आणून बसवलं आणि थंडी येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. वीज आली. पुढच्या दिवाणखान्यात बायका नावं घेत होत्या आणि मागच्या खोलीत एक म्हातारा धूर पाहत बसला होता. त्याला हाक मारता येत नव्हती.



नुसत्या तर्कावर केस उभी राहत नाही. मालकांनी तशीच दुसरी कांबळी स्वतःसाठी आणली होती. ती मी मागवून घेतली. संध्याकाळी वीज आल्यावर ठाण्याच्या अंगणात खाटेवर आधी ती उलगडून पसरली आणि वीज जोडली. हेड कॉन्स्टेबल वर बसून पाहू लागले आणि उठायचं नावच घेईनात. "साहेब, ठाण्याला एक मंजूर करून घ्या," म्हणाले. मग तीच कांबळी गादीत गुंडाळून सुतळीने बांधली, वर दोन रजया टाकल्या आणि पुन्हा जोडली. जवळ पाण्याच्या बादल्या होत्या, बटणापाशी शिपाई उभा होता. पंच गप्पा मारत राहिले. चहा झाला. मग करपट वास सुटला आणि वळकटीच्या टोकातून पिवळसर धूर निघाला. वीज तोडून सुतळी कापली, तर कापूस आतून तपकिरी होऊन धुमसत होता. उष्णतेला बाहेर जायला वाट नाही, आणि रोजच्या गुंडाळण्याने आतल्या तारा पिचलेल्या. हेड कॉन्स्टेबलांची थट्टा तिथेच संपली.

मी मालकांकडे गेलो. घर सुतकात होतं, तरी त्यांचा ताठा कमी नव्हता.

"इन्स्पेक्टर, कोणाशी बोलताय याचं भान ठेवा," ते म्हणाले.

"भान आहे म्हणूनच इथे येऊन विचारतोय. नाहीतर ठाण्यावर बोलावलं असतं. शेगडी कोणी ठेवली?"

ते एकदम खचले. "आबासाहेबांना थंडी सोसत नव्हती हो. म्हणून मी ती मागवली. सगळ्यांना दाखवत सुटलो. आता लोक काय म्हणतील? मुलाने बापाला जाळलं म्हणतील."

त्या क्षणी मला त्यांची दया आली होती. खोटं कशाला सांगू? बापाला ऊब मिळावी म्हणून धडपडणारा मुलगा होता तो. मी म्हटलं, "अपघात होता. तसं सांगितलं असतंत तर कोणी काही म्हटलं नसतं. त्या बाईला का गुंतवलंत?"

"तिचं काय आहे?" ते म्हणाले. "एकटी बाई. दोन महिन्यांनी लोक विसरूनही जातील."

माझी दया तिथेच आटली. जिने आपले हात जाळून त्यांच्या बापाला बाहेर ओढलं, तिचं काय आहे! मला त्यांची गचांडी धरावीशी वाटली. अंगावर वर्दी होती म्हणून धरली नाही.

ठाण्यावर आलो तर वरिष्ठ वाट पाहत बसलेले. सगळं ऐकून घेतलं, पान थुंकून आले आणि म्हणाले, "अरे भई, बड़ा घर है। हादसा लिखो और बंद करो। अंगीठी का ज़िक्र मत करना। औरत को छोड़ दो, बस।"

मी वाद घातला. उपयोग झाला नाही. शेवटी बाईला सोडलं. माझी समजूत अशी की ती पाया पडेल, रडेल. ती हवालातीच्या दाराशीच उभी राहिली.

"साहेब, मी जाऊ कुठे? शिपाई मला छावनीतून चालवत घेऊन आले ते सगळ्यांनी पाहिलं. सोडलेलं कोण पाहणार? माणूस मारलेल्या बाईला आपल्या चुलीपाशी कोण उभं करील?"

मी तूर्त तिला ठाण्यामागच्या शिपायांच्या चाळीत एक खोली दिली. कायद्याने ती मोकळी होती, आणि दौलतगंजात, छावनीत, आमच्या साऱ्या मराठी घरांत ती शेगडीवाली बाई होती. मी मालकांना निरोप पाठवला की चार लोकांत एकदा खरं सांगा. उत्तर आलं, "सुटली ना? मग झालं."

आबासाहेबांच्या तेराव्याला मोठी पंगत होती. दरबारातले, छावनीतले, सगळे. मी पूर्ण गणवेशात गेलो. मालकांना वाटलं मी सांत्वनाला आलोय. त्यांनी पाट मांडायला सांगितला. मी बसलो नाही. पंगतीच्या मधोमध उभा राहिलो आणि ठाण्यात हजेरी घेताना लावतो तसा आवाज लावला.

"मंडळी, दोन मिनिटं. आबासाहेबांच्या खोलीत शेगडी नव्हती. आग बिजलीच्या कांबळीने लागली. ती गुंडाळून, वर रजया टाकून ठेवली होती आणि वीज चालू होती. काकूंना वायरला हात लावायची बंदी होती. त्यांनी जाळलं नाही, त्यांनी आबासाहेबांना बाहेर काढलं. त्यांचे हात पाहायचे असतील तर ठाण्यावर या. आणि ज्यांच्या घरी अशी कांबळी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर आधी तिची वायर काढा. उलगडूनच वापरा. तिच्यावर रजयांचे ढीग घालू नका. आणि अंथरूण उचलणाऱ्या बाईला ती चालते कशी ते शिकवा, नुसती भीती घालू नका."

घास हातात तसेच राहिले. एक वयस्कर सरदार पानावरून उठले, हात धुतले आणि कोणाशी न बोलता चालते झाले. त्यांच्यामागून आणखी दोघे उठले.

आठवड्यात माझी बदली झाली, जिथे रात्री कुत्रंही भुंकायला घाबरतं अशा खोऱ्यातल्या ठाण्यावर. मी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. त्या केसने मला एवढंच शिकवलं की निर्दोष माणसाला कोठडीतून सोडलं म्हणजे पोलिसाचं काम संपत नाही. ज्या चार लोकांत त्याच्यावर आळ आला, त्याच चार लोकांत तो पुसावा लागतो. ते काम कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून कोणी करत नाही. मालकांवर खोट्या पुराव्याचा खटला कधीच झाला नाही. त्याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही.

उन्हाळ्यात रजेवर घरी आलो तेव्हा बायकोने सांगितलं की दौलतगंजातल्या एका वकिलांकडे काकूंना काम मिळालं. हात पुरते बरे नव्हते, पण पोळ्या लाटता येत होत्या. पहिल्या दिवशी वकीलीणबाईंनी दबकत विचारलं होतं, "छावनीतल्या त्या आगीतल्या बाई, त्या तुम्हीच का?"

"हो, मीच," काकू म्हणाल्या. "मीच त्यांना बाहेर काढलं."